फोन फुकट, वैरण कुणाची?



गेल्या महिन्यात आमच्या मंडळातल्या एका वाडीवर हरभऱ्याची शेतीशाळा होती. घाटेअळीसाठी कामगंध सापळे किती आणि कुठे लावायचे ते दाखवून झाले, चहा झाला, माणसे उठू लागली. तेवढ्यात मागे बसलेल्या एक मावशी पुढे आल्या. वय साठीच्या पुढचे, मालक जाऊन बारा वर्षे झालेली, दोन एकर कोरडवाहू जमीन. कमरेच्या पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला बटणांचा फोन काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"सायेब, ह्यो बोलतच न्हाई. आन् माझं किसानचं पैसं बी थांबल्यात."

फोन बघितला. फोनला काही झाले नव्हते. बॅटरी भरलेली, वरचा पडदाही फुटलेला नाही. बंद पडला होता तो नंबर. मावशींनी वर्षभर रिचार्जच केले नव्हते. "मला कुनाला लावायचाय फोन? आला तर उचलायचा, एवढंच," असा त्यांचा साधा हिशेब. पण पॅक संपला की येणारा फोनही बंद होतो, आणि फार दिवस तसेच गेले की कंपनी नंबर काढून घेते. इकडे पी. एम. किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी करायची, तर ओटीपी जाणार त्याच नंबरवर. मी माझ्या फोनवरून तो नंबर लावून पाहिला. पलीकडून कोणी लॉरीवाला हिंदीतून बोलला. मावशींचा दहा वर्षांचा नंबर आता त्याच्या खिशात होता.

तिथेच उभा असलेला एक तरुण म्हणाला, "आक्का, कशाला काळजी करता? सरकार फुकट मोबाईल देतंय. ह्यो बघा मेसेज. हितं दाबलं की झालं." दुसऱ्याने त्यात भर घातली. त्याचा मावसभाऊ पुण्याच्या कंपनीतून अमेरिकेला गेलेला, आणि तिथे म्हणे गरिबाला सरकार मोबाईल फुकट देते, वर महिन्याचे बिलही भरते. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. खेड्यात कृषी अधिकाऱ्याला बियाण्यापासून पासपोर्टपर्यंत सगळे ठाऊक असावे अशी समजूत आहे. मी म्हटले, पहिली गोष्ट खोटी आहे, ती लिंक दाबू नका. दुसरी बरीचशी खरी आहे, पण पुरती नाही. ती पुढच्या लेखात सांगतो. तो हा लेख.

अमेरिकेतल्या त्या योजनेचे नाव 'लाइफलाइन'. ती सुरू झाली १९८५ साली. तेव्हा मोबाईल कुणाच्या हातात होते? योजना होती घरातल्या तारेच्या फोनसाठी. त्याचे असे झाले, की एटी अँड टी ही एकच अवाढव्य कंपनी तिथला जवळजवळ सगळा टेलिफोन चालवत होती. कोर्टाच्या खटल्यातून १९८४ च्या जानेवारीत तिचे तुकडे झाले. लांबच्या फोनवर नफा काढून गावातला फोन स्वस्त ठेवण्याची जुनी घडी त्याबरोबर विसकटली. आता गावातल्या फोनचे भाडे वाढणार आणि गरीब माणूस पहिल्यांदा फोन काढून टाकणार, अशी भीती होती. म्हणून तिथल्या संघीय दूरसंचार आयोगाने गरिबांच्या महिन्याच्या बिलात सूट ठेवली. अध्यक्ष तेव्हा रोनाल्ड रेगन होते, आणि ते काही फुकट वाटण्यासाठी प्रसिद्ध नव्हते.

यामागचा विचार मला आवडला. फोन ही चैन नाही, डॉक्टर, अग्निशामक, पोलीस आणि कामाला बोलावणारा मालक यांच्यापर्यंत पोचण्याची ती वाट आहे, असे त्यांनी धरले. दुसरे असे, की माझ्याकडे फोन असून उपयोग तेव्हाच, जेव्हा तुमच्याकडेही असतो. शेजाऱ्याने पाट फोडून ठेवला तर माझ्या रानात पाणी येणार कुठून? तसेच हे.

पैसा कुठून येतो, हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तिथे 'सर्वांसाठी सेवा' असा निधी पक्का केला. राज्याराज्यांतल्या आणि परदेशी दळणवळणातून कंपन्यांना जे उत्पन्न मिळते, त्यातला वाटा त्यांनी या निधीत भरायचा. कंपन्या तो आपल्या गिऱ्हाइकाच्या बिलात लावतात. म्हणजे दरवर्षी अर्थसंकल्पात कुणी मंत्री उठून 'यंदा इतके दिले' असे म्हणत नाही. ज्याचा फोन चालतो तो दुसऱ्याच्या फोनसाठी थोडे टाकतो. आपल्याकडे जत्रेची वर्गणी घरटी जमते, तसा प्रकार.

मग मोबाईल कधी आला? २००५ च्या ऑगस्टमध्ये कतरिना नावाचे चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्स शहरावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर आले. बांध फुटले, लाखो माणसे घरदार सोडून निघाली. ज्याचे घरच पाण्याखाली त्याला घरच्या फोनची सूट काय कामाची? तेव्हा आयोगाने वादळग्रस्तांना मोबाईलसाठी तात्पुरती मदत दिली. त्याच वर्षी आधी पैसे भरून चालणाऱ्या मोबाईलच्या एका कंपनीलाही अटी घालून या योजनेची वाट मोकळी केली. २००८ पासून तिचे फोन गरिबांच्या हातात पडू लागले, आणि मागोमाग दुसऱ्या कंपन्या उतरल्या.

आता 'पुरती खरी नाही' ते का म्हणालो ते सांगतो. सरकार तिथे फोन देतच नाही. निधीतून पैसा मिळतो तो महिन्याच्या सेवेचा, साधारण सव्वानऊ डॉलर, म्हणजे आपले आठशे रुपयांच्या आसपास. मूळनिवासी जमातींच्या राखीव मुलखात आणखी पंचवीस डॉलरपर्यंत. हा पैसा गिऱ्हाइकाच्या हातात न येता थेट कंपनीला जातो. गिऱ्हाईक आपल्याकडे यावे म्हणून कंपनी स्वतःच्या पदरचा एक स्वस्त फोन वर देते. दुकानदार बियाण्याच्या पिशवीवर टोपी देतो, तसा. लोकांना टोपी दिसली, पिशवी कुणी बघितली नाही. सुरुवातीला महिन्याला ठरावीक मिनिटेच बोलणे मिळे. पुढे नियम वाढत गेले, आणि २०२० च्या डिसेंबरपासून किमान साडेचार जीबी इंटरनेट द्यावे असे ठरले.

हे मिळते कुणाला? तिथे दारिद्र्याची एक रेषा ठरलेली आहे. त्या रेषेच्या १३५ टक्क्यांपर्यंत ज्या घराचे उत्पन्न त्याला. किंवा ज्याला आधीच सरकारी अन्नमदत, गरिबांची आरोग्ययोजना मेडिकेड, अपंग-वृद्धांचे साहाय्य, सरकारी घर किंवा माजी सैनिकाचे गरजू निवृत्तिवेतन मिळते, त्याला. एका घराला एकच. आणि घर म्हणजे काय, याची व्याख्या वाचून मला आपला रेशनकार्डाचा वाद आठवला. एका छपराखाली राहणारी माणसे जर कमाई आणि खर्च एकत्र करत असतील तर ते एक घर. छप्पर एक पण हिशेब वेगळे असतील तर घरे दोन. म्हणजे आपली वेगळी चूल! दरवर्षी पुन्हा लिहून द्यावे लागते की मी अजून गरीबच आहे. आणि फोन फुकटात चालत असेल तर तो वापरलाही पाहिजे. तीस दिवस काहीच वापर दिसला नाही तर कंपनी पंधरा दिवसांची नोटीस देते आणि नाव कमी करते.

ही शेवटची अट आली ती खोडी झाल्यामुळे. माणशी पैसे मिळतात म्हटल्यावर कंपन्यांनी रस्त्यावर तंबू ठोकले, एजंट नेमले. एकाच घरात दोनदोन, तीनतीन फोन गेले. जे मुळात पात्र नव्हते त्यांनाही गेले. २००८ साली या योजनेवर ऐंशी कोटी डॉलरच्या थोडा वर खर्च झाला होता, तो २०१२ पर्यंत दोनशे कोटींच्या वर गेला. तेव्हा आयोग जागा झाला. एकाच माणसाचे नाव दोन कंपन्यांकडे आहे का हे दाखवणारी देशाची एक यादी केली. पण खरी दुरुस्ती त्यानंतर झाली. गिऱ्हाईक पात्र आहे की नाही हे ठरवण्याचे काम कंपनीकडून काढून तिसऱ्याच यंत्रणेकडे दिले. २०१८ पासून ती राज्याराज्यांत सुरू झाली. ठिबकच्या अनुदानात संच विकणाऱ्यानेच मोका तपासणी करायची ठरवली तर काय होईल, ते मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. माझी निम्मी नोकरी मोका तपासणीत गेली आहे.

त्यात राजकारण आले नसते तर नवलच. २०१२ च्या निवडणुकीत विरोधकांनी याला 'ओबामाफोन' म्हणून हिणवले, जणू बराक ओबामांनी मते घेण्यासाठी फोन वाटले. योजना सुरू झाली रेगनच्या काळात, मोबाईल आला धाकट्या बुश यांच्या काळात, आणि नाव चिकटले तिसऱ्याला. तरी योजना टिकली. निधी गोळा करण्याची ही पद्धतच बेकायदा आहे असा खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला होता. २०२५ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पद्धत योग्य ठरवली.

तिथेच दुसरी एक योजना मात्र डोळ्यांदेखत बंद पडली. कोरोनानंतर, २०२१ च्या अखेरीस, गरीब घरांना इंटरनेटसाठी महिना तीस डॉलर द्यायला सुरुवात झाली. दोन कोटी तीस लाख घरांनी नावे घातली. हा पैसा मात्र बिलातल्या वर्गणीचा नव्हता, संसदेने एकदाच मंजूर केलेला होता. तो संपत आला तसे २०२४ च्या फेब्रुवारीत नवीन नावे घेणे थांबले आणि १ जूनला योजना बंद. ज्यांनी मुलांच्या अभ्यासासाठी, औषधाच्या चौकशीसाठी घरात इंटरनेट घेतले होते, त्यांच्या हातात पुरे बिल आले. एकदा आणून दिलेले पाणी आणि वाहता पाट यांत हाच फरक.

मी नोकरीला लागलो तेव्हाची एक गोष्ट यावरून आठवली. तेव्हा एका योजनेत गरीब कुटुंबाला दुभती म्हैस मिळायची, थोडे अनुदान, थोडे कर्ज. दावणीला म्हैस बांधली, हार घातला, फोटो निघाला. पण ज्याला जमीन नाही त्याच्याकडे कडबा कुठला? पेंडीला पैसे कुठले? दोन वर्षांनी मी पुन्हा फिरलो तेव्हा बऱ्याच दावणी रिकाम्या होत्या आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू होता. एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, "सायेब, म्हस दिलीसा, पर वैरन कुनाची?" तो प्रश्न मी विसरलेलो नाही. फोनचेही तेच आहे. फोन ही म्हैस आणि महिन्याचे रिचार्ज ही तिची वैरण.

आपल्या देशात फुकट फोनच्या योजना झाल्याच नाहीत असे नाही. छत्तीसगडात २०१८ साली संचार क्रांती योजनेत बायकांना आणि कॉलेजच्या मुलांना स्मार्टफोन वाटले गेले. राजस्थानात १० ऑगस्ट २०२३ रोजी इंदिरा गांधी स्मार्टफोन योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात चाळीस लाख बायका-मुली धरल्या होत्या. त्यांत विधवा आणि एकल निवृत्तिवेतन घेणाऱ्या होत्या, रोजगार हमीवर शंभर दिवस भरलेल्या घरातल्या होत्या, सरकारी शाळेतल्या नववी ते बारावीच्या मुलीही होत्या. शिबिरात जायचे, खात्यात ६८०० रुपये जमा व्हायचे, त्यांतले ६१२५ फोनचे आणि ६७५ सिम व इंटरनेटचे. यांतली एक गोष्ट मला फार पटली, ती म्हणजे फोन बाईनेच जागेवर निवडायचा आणि सिमही तिच्याच नावाचे. पण दोन्ही राज्यांत वर्ष निवडणुकीचे होते. निवडणूक झाली, सरकार बदलले, पुढचे वाटप थांबले. ज्यांना मिळाले त्यांना मिळाले. ६७५ रुपयांचे इंटरनेट संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या पदरातून शोधायचे.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अमेरिकेसारखा निधी आपल्याकडेही आहे. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला पाच टक्के वाटा 'सर्वांसाठी सेवा' म्हणून जमा होत आला. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. त्यातून जिथे कंपनी आपणहून जात नाही अशा डोंगरात, जंगलात, सीमेवर मनोरे उभे राहतात, गावोगाव तार जाते. काम चांगले आहे, आणि ज्या वाडीत अजून रेंज नाही तिला विचारा किती चांगले आहे ते. पण मनोरा उभा राहिला, त्याच्या सावलीत मावशींचे खोपट आहे आणि त्यांचा नंबर रिचार्जवाचून मेला, तर त्या मनोऱ्याचा त्यांना काय लाभ? माझ्या मते योजना काढायचीच असेल तर फोनची काढू नये. बटणांचा फोन माणूस कसाही मिळवतो, लेक देते, भाऊ देतो. निराधार, विधवा, अपंग यांचा एक नंबर वर्षभर जिवंत राहील एवढे बघावे. सरकारनेच प्रत्येक पैशाला ओटीपी लावला आहे. मग तो ओटीपी पोचेल अशी वाट उघडी ठेवणे हेही सरकारचेच काम झाले. हे माझे मत. मी कृषी खात्याचा माणूस, मला कोण विचारतो? पण तुम्ही ग्रामसभेत विचारू शकता.

तोवर काय करायचे, ते सांगतो.

फुकट फोन, तीन महिन्यांचे फुकट रिचार्ज, फुकट लॅपटॉप असे मेसेज येतात ते खोटे असतात. सरकारी योजना व्हॉट्सअॅपवरच्या लिंकवर नाव घालून मिळत नाही. लिंक दाबून पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

दुसरे, नंबर मरू देऊ नका. दूरसंचार नियामक, ज्याला ट्राय म्हणतात, त्याने २०१३ साली नियम केला की सलग नव्वद दिवस काहीच वापर नसेल तरच नंबर बंद करता येतो, आणि मुख्य शिलकीत वीस रुपये असतील तर तेवढ्यावरून नंबर राखता येतो. ही शिलकी पॅकमध्ये नसते, वेगळी टाकावी लागते. दुकानदाराला तसे सांगा.

तिसरे. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना इंटरनेट लागत नाही, तरी त्याचे पैसे भरावे लागत होते. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना बंधन घातले, की फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅकही ठेवला पाहिजे, आणि तो ३६५ दिवसांपर्यंतचा ठेवायला मुभा दिली. २०२५ च्या सुरुवातीपासून असे पॅक आले. दुकानदार ते आपणहून दाखवीलच असे नाही. "फक्त बोलण्याचा, लांब मुदतीचा" असे शब्द वापरून मागा.

आणि सिम स्वतःच्या नावाचे घ्या. मावशींचे जुने सिम पुतण्याच्या नावावर होते, म्हणून तो नंबर परत मिळवण्यासाठी भांडायलाही त्या उभ्या राहू शकल्या नाहीत.

त्यांचे पुढे काय झाले? नवे सिम त्यांच्या नावाने घेतले. आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर जोडला, त्याला पाऊणशे रुपये पडतात. तिथे एक अडचण आली. जन्मभर खुरपे धरून बोटाच्या रेषा झिजलेल्या, यंत्रावर अंगठा उमटेना. चार बोटे झाली, पाचवे एकदाचे घेतले. ई-केवायसीच्या वेळी तर कुठलेच बोट लागेना, तेव्हा आमच्या कार्यालयातल्या एका मुलाने पी. एम. किसानच्या अॅपवर चेहरा दाखवून काम केले. "मावशी, डोळे मिटा नि उघडा," असे त्याने तीनदा सांगितले. त्या प्रत्येक वेळी हात जोडून गच्च डोळे मिटायच्या, देवापुढे उभ्या असल्यासारख्या. चौथ्या खेपेला जमले.

परत येताना स्टँडवरच्या दुकानात वर्षाच्या बोलण्याच्या पॅकची चौकशी केली. दोन हजारांच्या आतबाहेर पडतो म्हटल्यावर मावशी गप्प झाल्या. मग बोटांवर मोजून म्हणाल्या, "म्हंजी तीन कोंबड्या." थोडा विचार केला आणि तीन महिन्यांचाच पॅक मारून घेतला.